एका गावाची दोन नावं, आणि पाटीवर नसलेलं तिसरं: पोलंडमधलं लेश्नित्सा

व्रोत्स्वाफहून क्राकुफकडे जाणारा ए-४ महामार्ग सोडून दक्षिणेला उतरलं की एका टेकडीच्या पायथ्याशी हिरवी पाटी दिसते. वरच्या ओळीत पोलिश नाव, लेश्नित्सा. खालच्या ओळीत जर्मन नाव, लेश्नित्स. दोन्ही एकदा मोठ्याने म्हणून पाहा. फरक काय तो शेवटच्या कान्याचा! मग एवढ्यासाठी सरकारने खर्च करून दुसरी ओळ का लिहावी? आणि काही लोकांना तिचा इतका राग का यावा, की याच भागातल्या अशा पाट्यांवर रात्रीत रंग फासला जावा?

गेल्या काही वर्षांत पोलंडमधल्या जर्मन अल्पसंख्याकांच्या शाळा, त्यांची संसदेतली जागा आणि याच भागातल्या सायलेशियन भाषेचा दर्जा यांवरून बरंच राजकारण झालं. बातम्या वाचताना आपला गोंधळ होतो, कारण यात कोण पोलिश, कोण जर्मन हेच नीट कळत नाही. म्हणून आख्खा देश बाजूला ठेवू आणि अडीच हजारांच्या आसपास वस्तीचं हे एकच गाव घेऊ. गाव म्हणतो खरा, पण त्याला शहराचा दर्जा आहे, आपल्याकडच्या एखाद्या छोट्या नगरपंचायतीसारखा. मधोमध चौक, भोवती जुनी घरं, चर्च, आणि आजूबाजूच्या खेड्यांचा कारभार पाहणारं कार्यालय.

सीमेवरचं गाव असणार, नाही का?

पहिला अंदाज हाच येतो. दोन भाषा दिसल्या म्हणजे सीमा जवळ. सोलापूर, अक्कलकोट, बेळगाव ही नावं ऐकत वाढलेल्या आपल्याला तर तेच साहजिक वाटतं. पण लेश्नित्सा पोलंड-जर्मनी सीमेपासून सव्वादोनशे किलोमीटरहून जास्त आत आहे. चेक सीमा त्यामानाने कितीतरी जवळ.

उलट सीमेवर वेगळंच चित्र आहे. ओडर आणि नायसे या नद्यांवर १९४५ साली सीमा आली आणि काही शहरं नदीच्या पात्राने दुभंगली. ओडरकाठच्या फ्रांकफुर्टचा (विमानतळासाठी प्रसिद्ध असलेलं ते फ्रांकफुर्ट वेगळं) पलीकडचा काठ स्वुबित्से झाला, ग्योर्लिट्सचा झ्गोझेलेत्स झाला. आज तिथे पुलावरून लोक सहज ये-जा करतात, दुकानात दोन्ही भाषा चालतात. पण पोलिश काठावरची जुनी जर्मन वस्ती मात्र पूर्ण गेली. सीमेला लागून असलेल्या पट्ट्यात जर्मन उरले नाहीत, आणि एवढं आत, टेकडीच्या पायथ्याला ते राहिले. हे असं उलटं का झालं, हेच समजून घ्यायचं आहे. आधी जागा पाहू.

टेकडी आणि नदी

लेश्नित्साच्या डोक्यावर सेंट ॲनची टेकडी आहे. सेंट ॲन म्हणजे येशूची आजी, मरियमची आई. टेकडीची उंची जेमतेम ४०० मीटर. सह्याद्रीच्या माणसाला ती डोंगर वाटणार नाही. पण भोवती ओडरचं सपाट खोरं असल्याने लांबून नजरेत भरते. आत विझलेला ज्वालामुखी आहे, सुमारे २ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा. चुनखडीच्या थरांतून वर आलेला काळा दगड तिथल्या जुन्या खाणीत उघडा पडलेला दिसतो. याच पट्ट्यातल्या चुनखडीवर भट्ट्या चालल्या, आणि खालच्या कसदार जमिनीवर शेती.

वर माथ्यावर फ्रान्सिस्कन साधूंचा मठ आहे. ते १६५५ साली इथे आले. नंतर उतारांवर येशूच्या अखेरच्या प्रवासाचे टप्पे दाखवणारी देवळीवजा चर्चं बांधली गेली. यात्रेकरू ती एकेक करत, गाणी म्हणत चढतात. आपल्याला पायी वारी माहीत आहे, त्यामुळे हे दृश्य समजायला जड जाणार नाही. लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की शतकानुशतकं या वाटेवरची गाणी पोलिशमध्येही होती आणि जर्मनमध्येही. कोणाची कोणती, हे देवाला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

सातबाऱ्यावर नावं बदलत गेली

या प्रदेशाला सायलेशिया म्हणतात, पोलिशमध्ये श्लोंस्क. त्याचा इतिहास एखाद्या जमिनीच्या सातबाऱ्यासारखा वाचावा. मालकाच्या रकान्यात नाव बदलतं, पण कसणारे तेच राहतात.

मध्ययुगात इथे पोलंडच्या प्यास्त राजघराण्याच्या शाखा राज्य करत. त्या काळातच पश्चिमेकडून जर्मन कारागीर, व्यापारी, शेतकरी आले. शहरं जर्मन कायद्याने वसवली गेली, खेड्यांत बहुतेक स्लाव्ह, म्हणजे पोलिश-चेकच्या कुळातली, बोली राहिली. १३२७ साली इथल्या सरदारांनी बोहेमियाच्या, म्हणजे आजच्या चेकियाच्या, राजाचं स्वामित्व मानलं. ओपोलेच्या, म्हणजे आज लेश्नित्सा ज्या प्रांतात येतं त्याच्या मुख्य शहराच्या, प्यास्त घराण्याचा शेवटचा पुरुष १५३२ साली वारला आणि प्रदेश ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याकडे गेला. १७४२ साली प्रशिया या जर्मन राज्याने तो लढून घेतला आणि १८७१ मध्ये प्रशियासकट तो नव्या जर्मन साम्राज्याचा भाग झाला.

म्हणजे लेश्नित्साने पोलंडचं राज्य पाहिलं ते चौदाव्या शतकापर्यंत, आणि पुन्हा पाहिलं ते थेट १९४५ नंतर. मधली सहाशे वर्षं वेगळीच. तरी खेड्यांतली आजी नातवाशी स्लाव्ह बोलीतच बोलत होती. लेश्नित्स हे 'जर्मन' नावसुद्धा मुळात स्लाव्ह आहे. 'लास' म्हणजे रान, त्यावरून लेश्नित्सा. जर्मन माणसाने ते आपल्या जिभेला वळवून घेतलं, एवढंच. ठाणेचं टाना झालं आणि पुण्याचं पूना, तसं.

१९२१: एक माणूस, एक चिठ्ठी, दोनच पर्याय

पहिल्या महायुद्धानंतर पोलंड पुन्हा देश म्हणून उभा राहिला आणि प्रश्न आला, की कोळशाच्या खाणींनी भरलेला वरचा सायलेशिया, म्हणजे लेश्नित्सासकट प्रदेशाचा आग्नेय भाग, कोणाचा. २० मार्च १९२१ रोजी सार्वमत झालं. चिठ्ठीवर दोनच पर्याय, जर्मनी किंवा पोलंड. जवळपास ६० टक्के मतं जर्मनीला पडली, ४० टक्के पोलंडला.

आता यातली गंमत नव्हे, यातली अडचण पाहा. दहाच वर्षांपूर्वीच्या जर्मन जनगणनेत या भागातल्या निम्म्याहून जास्त लोकांची भाषा पोलिश नोंदली होती. बाहेर राहणाऱ्या पण इथे जन्मलेल्या लोकांनाही मताचा हक्क होता, त्यातले बहुतेक जर्मनीचे. तो हिशेब धरला तरी एवढं उघड आहे, की घरात पोलिश बोलणाऱ्या कितीतरी माणसांनी जर्मनीला मत दिलं. कोणाला तिथली नोकरी, पेन्शन आणि शाळा भरवशाची वाटली, कोणाला नव्या देशाच्या युद्धाची भीती. बोली एक, देश दुसरा, असं मनातून मानणारी माणसं होती. ज्या तालुक्यात लेश्नित्सा येत होतं, तिथे तर कौल जवळजवळ निम्मा-निम्मा पडला.

निम्म्या-निम्म्या कौलानंतर काय होतं? मे १९२१ मध्ये पोलिश उठावकरी आणि जर्मन स्वयंसेवकांच्या तुकड्या सेंट ॲनच्या टेकडीवरच एकमेकांना भिडल्या. दोन्ही बाजूंना इथली माणसं होती. १९२२ साली प्रदेश विभागला गेला आणि लेश्नित्सा जर्मनीत राहिलं.

टेकडीला मात्र कोणी सोडलं नाही. नाझींनी १९३०च्या दशकात तिथल्या चुनखडीच्या खाणीत हजारोंचं खुलं सभागृह कोरलं आणि वर १९२१ च्या लढाईत पडलेल्या जर्मन स्वयंसेवकांसाठी स्मारक बांधलं. १९४५ नंतर ते स्मारक सुरुंगाने उडवलं गेलं. त्या जागी १९५५ साली पोलिश उठावाचं स्मारक उभं राहिलं, शिल्पकार क्सावेरी दुनिकोव्स्की यांचं. खालचं सभागृह तसंच आहे. पायऱ्या एका राजवटीच्या, स्मारक दुसरीचं, आणि थोडं पलीकडे मठ, जो या दोघांच्याही आधीचा.

तिसरं नाव

१९३६ साली नाझी सरकारने लेश्नित्स हे नाव पुसलं. कारण आपण वर पाहिलंच: ते पुरेसं जर्मन नव्हतं. नवं नाव ठेवलं बेर्गश्टाट, म्हणजे सरळ आपलं 'डोंगरगाव'. त्या वर्षांत या भागातली अशी शेकडो स्लाव्ह वळणाची नावं बदलली. श्चेद्झिक नावाच्या एका गावाचं तर 'हिटलरझे' केलं, हिटलरचं सरोवर. माणसांच्या आडनावांवरही तोच दबाव होता, आणि १९३९ मध्ये टेकडीवरची पोलिश प्रार्थना बंद झाली.

एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. १९२२ च्या फाळणीसोबत दोन्ही बाजूंच्या अल्पसंख्याकांना पंधरा वर्षांचं आंतरराष्ट्रीय संरक्षण मिळालं होतं. १९३३ साली फ्रान्झ बेर्नहाइम या इथल्या ज्यू माणसाने त्याच कराराच्या आधारे राष्ट्रसंघाकडे अर्ज केला, आणि वरच्या सायलेशियाच्या जर्मन भागात ज्यूविरोधी कायदे १९३७ पर्यंत थोपवले गेले. उरलेल्या जर्मनीत ते लागू असताना! एका सामान्य नोकरदाराच्या अर्जाने चार वर्षं मिळवून दिली.

१९४५: पडताळणी

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा पोलंडचा नकाशाच पश्चिमेकडे सरकवला गेला. पूर्वेचा मोठा भाग सोव्हिएत संघाने ठेवून घेतला, आणि भरपाई म्हणून जर्मनीचा पूर्व भाग पोलंडला मिळाला. या सरकण्याचा एक धागा कोल्हापूरपर्यंत येतो. वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यातले बहुतेक त्याच पूर्वेकडच्या मुलखातून सायबेरियाकडे हाकलले गेलेले होते. युद्ध संपलं तेव्हा त्यांचं गाव पोलंडमध्ये उरलंच नव्हतं. त्यांच्यासारखेच घर गमावलेले लाखो पोलिश लोक पश्चिमेच्या रिकाम्या झालेल्या जर्मन घरांत वसवले गेले. खालच्या सायलेशियात, म्हणजे प्रदेशाच्या वायव्य भागात, आणि बाल्टिक किनाऱ्यावरच्या पोमेरानियात सगळी वस्तीच बदलली.

मग लेश्नित्साची का नाही बदलली? कारण पोलिश सरकारचं म्हणणं असं, की इथले लोक मुळात पोलिशच आहेत, प्रशियाने त्यांच्यावर जर्मनपणाचा लेप दिला आहे. त्यांना हाकलायचं नाही, परत मिळवायचं. त्यासाठी केली ती 'पडताळणी'. पोलिश शब्दाचा अर्थ अक्षरशः तोच. आपल्याकडे जात पडताळणीसाठी आजोबांचा शाळेचा दाखला शोधावा लागतो, तसं इथे आडनाव, बोली, पोलिश प्रार्थना येते का, शेजारी काय सांगतात, यांवर समितीने ठरवायचं. उत्तीर्ण झालात तर घर आणि शेत तुमचं. नाही झालात तर सामान बांधा.

लाखो लोकांनी कागदावर सही केली. त्यातले काही मनापासून पोलिश होते. काही मनापासून जर्मन होते, पण शेत सोडवत नव्हतं. आणि बरेच असे होते की त्यांना हा प्रश्नच कळत नव्हता. ते इथले होते, बस.

म्हणून सुरुवातीचं कोडं असं सुटतं. सीमेवरचे लोक जर्मनच बोलत होते, ते गेले. इथले स्लाव्ह बोली बोलत होते, ते राहिले. आजच्या पोलंडमध्ये जर्मन अल्पसंख्याक म्हणून जे मुख्यतः उरले, ते त्या वेळी सरकारदरबारी पोलिश ठरले म्हणून उरले.

मग घरात जर्मन बोलतात का?

हा प्रश्न पोलंडमधले टीकाकारही विचारतात, आणि तो वाजवी आहे. प्रामाणिक उत्तर: बरेच जण नाही. घरात सायलेशियन बोली, कार्यालयात पोलिश, आणि जर्मन शिकावं लागतं.

पण याचं कारण काय ते पाहायला हवं. पडताळणीनंतर सरकारी कागदावर ओपोलेच्या भागात जर्मन कोणी उरलंच नाही. जो समाज अस्तित्वातच नाही, त्याला शाळा कशाला? १९५०च्या दशकात खालच्या सायलेशियात, जिथे थोडे जर्मन खाण-कामगार मुद्दाम ठेवले होते, जर्मन शाळा चालल्या. इथे, जिथे सर्वाधिक लोक होते, १९८९ पर्यंत जर्मन विषय शाळेत शिकवला जात नव्हता. चारचौघांत जर्मन बोलणं धोक्याचं होतं. हान्सचा यान झाला, दुकानांच्या भिंतींवरची आणि थडग्यांवरची जर्मन अक्षरं छिन्नीने खरवडली गेली. आईवडिलांनी मुलांशी जर्मन बोलणं सोडलं, मुलांच्या काळजीपोटीच. दोन पिढ्या अशा गेल्या की भाषा हातातून सुटते. ज्यांच्याकडून ती काढून घेतली, त्यांनाच नंतर 'तुम्हाला तर येत नाही' म्हणणं मला न्यायाचं वाटत नाही.

अनेकांनी देश सोडला. १९७५ मध्ये पश्चिम जर्मनी आणि पोलंडमध्ये करार झाला. जर्मनीने कर्ज आणि निवृत्तिवेतनापोटी मोठी रक्कम दिली, पोलंडने सव्वा लाखाच्या आसपास लोकांना जाऊ देण्याचं कबूल केलं. पुढे १९८०च्या दशकातही ओघ चालू राहिला.

४ जून १९८९ रोजी, पोलंडच्या पहिल्या अंशतः मुक्त निवडणुकीच्याच दिवशी, ओपोलेचे बिशप आल्फोन्स नोसोल यांनी सेंट ॲनच्या टेकडीवर जर्मन भाषेतली प्रार्थना उघडपणे पुन्हा सुरू केली. युद्धानंतर पहिल्यांदा. नोसोल स्वतः याच मातीतले.

पाटीमागचा कायदा

पाटीला आधार आहे तो ६ जानेवारी २००५ च्या पोलिश कायद्याचा. ज्या ग्रामक्षेत्रात जनगणनेनुसार २० टक्के किंवा जास्त लोक एखाद्या अल्पसंख्याक समाजाचे आहेत, तिथे त्यांची भाषा 'सहायक भाषा' होऊ शकते. म्हणजे कार्यालयात अर्ज जर्मनमध्ये देता येतो, मागितलं तर उत्तरही जर्मनमध्ये. पण अपील करायचं तर पोलिशमध्येच, आणि वाद झाला तर पोलिश मजकूर ग्राह्य. ओपोले प्रांतातली वीसहून अधिक ग्रामक्षेत्रं या यादीत आहेत, लेश्नित्सा त्यातलं एक.

गावाच्या नावाचे नियम वेगळे. अल्पसंख्याक भाषेतलं नाव एकटं लावता येत नाही. आधी पोलिश, मग दुसरं. पाटी बदलण्याचा खर्च केंद्र सरकारचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम: १९३३ ते १९४५ दरम्यान नाझी राजवटीने दिलेलं नाव लावायला बंदी. म्हणून पाटीवर लेश्नित्स आहे, बेर्गश्टाट नाही.

पाटीवर रंग फासणारे समजतात की ती हिटलरच्या काळाची आठवण आहे. वस्तुस्थिती नेमकी उलटी. खालच्या ओळीतलं नाव हिटलरच्या राजवटीने पुसून टाकलेलं नाव आहे.

पोलंडला यात धोका नाही का?

सीमेचा प्रश्न १४ नोव्हेंबर १९९० च्या कराराने मिटला. जर्मनीने ओडर-नायसे सीमा कायमची मान्य केली. पुढच्या वर्षी, १७ जून १९९१ रोजी, चांगल्या शेजारधर्माचा दुसरा करार झाला, त्यात अल्पसंख्याकांचे हक्क आले.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: जर्मनीत पोलिश मुळाचे इतके लोक राहतात, त्यांना तिथे असा दर्जा का नाही? जर्मनीत राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून डेन, सॉर्ब, फ्रिसियन आणि सिंती-रोमा यांनाच मान्यता आहे. पोलिश संघटना नाझींनी १९४० मध्ये बरखास्त केल्या आणि जुना दर्जा परत आलाच नाही. ही तक्रार खोटी नाही. पण २०२२ साली पोलंडच्या तत्कालीन सरकारने तिचं उत्तर शोधलं ते असं, की जर्मन अल्पसंख्याक मुलांचे आठवड्याचे तीन भाषा-तास कापून एक केले. शिक्षा झाली ती पोलंडच्याच नागरिक मुलांना, बर्लिनला नव्हे. सरकार बदलल्यावर सप्टेंबर २०२४ पासून तीन तास परत मिळाले.

संसदेत या समाजाच्या यादीला ५ टक्के मतांची अट लागू नाही. १९९१ मध्ये सात जागा मिळाल्या होत्या. पुढे कमी होत एक उरली, आणि २०२३ मध्ये तीही गेली. धोका म्हणावा अशी ही चढती शक्ती नाही. २०२१ च्या जनगणनेत संपूर्ण पोलंडमध्ये सुमारे १ लाख ४४ हजार जणांनी स्वतःला जर्मन म्हटलं. खरी चिंता रिकाम्या घरांची आहे. १९४५ पूर्वीच्या जर्मन नागरिकांच्या वंशजांना जर्मन पासपोर्ट मिळू शकतो, त्यामुळे १९९०च्या दशकापासून इथले तरुण पोलंड युरोपीय संघात येण्याआधीच जर्मनीत, हॉलंडमध्ये कामाला जाऊ लागले.

पाटीवर नसलेली भाषा

मघापासून 'बोली' म्हणतो आहे ती कोणती? सायलेशियन. अंग स्लाव्ह, पोलिशशी जवळचं नातं, पण शब्दांत जर्मनचा भरणा. रेल्वे म्हणजे 'बाना', जर्मन 'बान'वरून. खाण म्हणजे 'ग्रूबा', जर्मन 'ग्रूबे'वरून. आपण पाव, बटाटा, चावी, पगार म्हणताना पोर्तुगीज बोलत नसतो, तसंच ते जर्मन बोलत नसतात.

२०२१ च्या जनगणनेत ५ लाख ९६ हजारांच्या आसपास लोकांनी आपली ओळख सायलेशियन सांगितली, जर्मनांच्या चौपट. तरीही कायद्यात तिला भाषेचा दर्जा नाही. पोलंडच्या उत्तरेतल्या काशुबियनला तो २००५ पासून आहे. एप्रिल २०२४ मध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने सायलेशियनला प्रादेशिक भाषा म्हणून मान्यता देणारं विधेयक संमत केलं. मे महिन्यात तत्कालीन राष्ट्राध्यक्ष आन्जे दुदा यांनी ते रोखलं. ती पोलिशचीच बोली आहे, हा त्यांचा एक मुद्दा, आणि सुरक्षेच्या काळात राष्ट्रीय ओळख जपायला हवी, हा दुसरा.

मी विधेयकाच्या बाजूचा आहे. लेश्नित्साच्या पाटीवर पोलिश आहे, जर्मन आहे, आणि १९४५ साली समितीपुढे ज्या भाषेतल्या उत्तरांनी इथल्या लोकांचं घर वाचलं, तिला अजून कुठल्याच रकान्यात जागा नाही.